आंगरवाडीचा सरखेल

बी. ए. भाग दोन

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचा तळ, हापशावरचे दोन हंडे आणि पाऊस बरा झालाच तर खडकपूर्णेचा पूर. लोणारचे सरोवर आहे खरे. पण त्याचे पाणी खारट, आणि त्यात गलबत चालवायचे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. माझ्या आजीने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, आईनेही पाहिलेला नाही. गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाची सहल अलिबागला गेली आणि मी तो पाहिला. आमच्या घरात समुद्र पाहणारी मी दुसरी. पहिला माझा आतेभाऊ. त्याला आम्ही सारे दादा म्हणतो.

दादा नौदलात खलाशी आहे. त्याचे जहाज सैन्य आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारे आहे. असे जहाज धक्क्याला लागत नाही. ते सरळ वाळूकडे चालत जाते, आधी पाठीमागचा नांगर पाण्यात सोडते, मग पुढची नाळ वाळूवर टेकवते. नाळेचे दार उघडते, उतरंड खाली येते आणि माणसे धावत किनाऱ्यावर जातात. काम झाले की मागच्या नांगराचा दोर आवळून जहाजाने स्वतःला पुन्हा पाण्यात ओढून घ्यायचे. भरती-ओहोटीचा हिशेब चुकला तर जहाज तिथेच रुतते, आणि लढाईत रुतलेले जहाज म्हणजे शत्रूच्या तोफेला आयते लक्ष्य. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी हजारो माणसे अशाच बोटींतून उतरली. आपल्याकडच्या खलाशांनीही ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर अशा बोटी चालवल्या. उतरणाऱ्या सैनिकांची नावे थोडीफार तरी लिहिली जातात. बोट किनाऱ्याला नेणारा खलाशी मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मागच्या दिवाळीत दादा रजेवर आला तेव्हा फारच गप्प होता. आत्या लाडू वळत होती आणि आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. तेव्हा त्याने मला हळूच सांगितले की त्याला जहाजावर अजून उलट्या होतात. रात्री लाटांचा आवाज ऐकून छाती धडधडते. आपण कोरड्या मुलखातली माणसे, पाण्याची माणसे वेगळी असतात, ती तशीच जन्माला यावी लागतात, असे त्याच्या मनाने घेतले होते. मुदत संपली की पुन्हा शेतीवर यायचे, असा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. कारण महाविद्यालयात पहिल्या दिवशी माझीही तीच गत झाली होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसून ही आपली जागा नव्हे असे मलाही वाटले होते.

पुढे सहलीची तयारी म्हणून इतिहासाच्या सरांनी आम्हाला प्रत्येकी एक विषय वाचायला दिला. माझ्या वाट्याला कान्होजी आंग्रे आले.

कान्होजी म्हटले की दर्याचा राजा, कोकणचा सिंह अशी बिरुदे आठवतात. त्यामुळे हा पुरुष लाटांवरच जन्मला असावा अशी माझी समजूत होती. वाचायला लागले आणि पहिल्याच पानावर थबकले. हे घराणे मुळात दर्यावर्दी नव्हते. त्यांचे मूळ आडनाव संकपाळ, आणि गाव पुणे प्रांतातील मावळातले आंगरवाडी. त्या वाडीवरूनच पुढे आंग्रे हे नाव पडले. म्हणजे डोंगर, नाचणी आणि भाताची खाचरे यांच्यातली ही माणसे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत शिरले आणि सुवर्णदुर्गावर कामगिरीला गेले. घराण्याच्या पायाला समुद्राचे पाणी लागले ते असे, चाकरीच्या निमित्ताने.

कान्होजींचा जन्म साधारण १६६९ चा धरतात. मुलगा हर्णैच्या किनाऱ्यावर, सुवर्णदुर्गाच्या सावलीत वाढला. तो दहा वर्षांचा असताना, १६७९ मध्ये, मुंबईच्या दक्षिणेला थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी बेटाचा लढा झाला. शिवरायांनी पावसाळ्यातच मायनाक भंडारी याला माणसे देऊन बेटावर तट बांधायला पाठवले. इंग्रजांनी आपली मोठी जहाजे आणून बेटाची कोंडी केली. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून निसटत, बेटावर माणसे, दाणागोटा व बांधकामाचे सामान उतरवत आणि उजाडायच्या आत परतत. मोठ्या जहाजांना त्या हाती लागेनात. शेवटी १६८० च्या आरंभी इंग्रज कंटाळून निघून गेले. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराच्या कानावर ही हकीकत गेली असणार, तशी ती छोट्या कान्होजीच्याही गेली असेल असे मला वाटते. लहान बोट, उथळ पाणी आणि भरतीची वेळ नेमकी ओळखणारा तांडेल या तीन गोष्टींवर त्यांचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दीचा जोर वाढला. याच धामधुमीच्या काळात सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला सामील होऊ लागला, तेव्हा तरुण कान्होजीने त्याला बाजूला सारून किल्ला लढवला, वेढ्यात तो सापडला, निसटला आणि पुन्हा किल्ल्यात शिरला, अशी आख्यायिका आहे. त्यातले मीठमसाल्याचे वेगळे काढले तरी एक गोष्ट उरतेच. या मुलाला किल्ला वारशाने मिळाला नाही, तो त्याने राखून मिळवला. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर यांच्या हाताखाली तो वाढला. १६९८ मध्ये सिधोजी वारले आणि आरमाराची धुरा कान्होजींकडे आली. पुढे सरखेल हा किताब त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला त्यांनी आपले मुख्य ठाणे केले.

त्यांचे आरमार कसे होते हे नीट समजून घेतल्याशिवाय त्यांचे कर्तृत्व कळत नाही. त्यांच्याकडे मुख्यतः दोन जातींची जहाजे होती. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद पण उथळ तळाची. तिच्या नाळेवर तोफा बसवलेल्या, म्हणजे पाठलाग करतानाच समोर मारा करता येई. गलबत लहान, बहुधा ७० टनांच्या आतले. त्याला ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज जागीच डोलत राही. त्या वेळी गलबतांचे खलाशी वल्ही मारत गुराबांना दोरांनी ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून सोडत, कारण युरोपी जहाजांच्या बहुतेक तोफा बाजूंना असत आणि मागून येणाऱ्यावर त्यांचा मारा पोचत नसे. गुराबांनी शत्रूची डोलकाठी व शिडे फोडली की गलबते चहूबाजूंनी भिडत. मग हातात तलवार घेतलेली माणसे दोरांवरून वर चढत.

हे वाचायला सोपे आहे. पण क्षणभर त्या वल्ह्यावर बसलेल्या माणसाचा विचार करा. वल्हवणाऱ्याची पाठ समोरच्या शत्रूकडे असते. आपण कुठे चाललो ते त्याला दिसत नाही, फक्त तांडेलाचा आवाज ऐकू येतो. तोफ डागल्याचा धडाका ऐकूनही हात थांबवायचा नसतो, कारण एकाचे वल्हे चुकले की साऱ्यांची लय बिघडते. कोळी, भंडारी, मुसलमान, कितीतरी जातीधर्मांचे लोक या वल्ह्यांवर व तोफांवर होते. काही परदेशी गोलंदाजही होते. त्यांतल्या फारच थोड्यांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. गलबत आत शिरले एवढेच कागदावर उरते. ते आत नेणाऱ्यांचे हात उरत नाहीत.

इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत. त्यांच्या कागदांत हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. कान्होजींच्या बाजूने पाहिले तर हा समुद्र छत्रपतींच्या राज्याचा होता, आणि त्यातून जाणाऱ्याने सरखेलांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला हवा होता. इंग्रज व पोर्तुगीज स्वतः हिंदी व्यापाऱ्यांना असेच परवाने घ्यायला लावत. मग तोच नियम मराठ्यांनी लावला की ती चाचेगिरी का ठरावी? तरीही मला एक प्रसंग सहज ओलांडता आला नाही. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने ॲन नावाची नौका पकडली. तिच्यावर कारवारकडे निघालेला टॉमस चाऊन हा अधिकारी तोफेच्या गोळ्याने मेला आणि त्याची तरुण बायको कैद झाली. तिचे वय विशीच्याही आत होते आणि ती गरोदर होती. पुढच्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. तिला जपून ठेवले होते हे खरे. पण माझ्याच वयाच्या त्या मुलीचे ते तीन महिने कसे गेले असतील, हा प्रश्न मनातून जात नाही. युद्धात बोट ज्यांच्यावर चालून जाते तीही माणसेच असतात. मोठ्या पुरुषाचे चरित्र लिहिताना हे झाकून ठेवू नये असे मला वाटते.

स्वराज्यात त्या वेळी दोन तट पडले होते, शाहू महाराजांचा आणि ताराबाईंचा. कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. शेवटी बाळाजी विश्वनाथ नवे पेशवे झाले आणि त्यांनी १७१४ मध्ये तलवारीऐवजी बोलणी करून कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणले. छोटेमोठे २६ किल्ले व ठाणी आणि सरखेलपद कान्होजींकडे कायम झाले. आपसांत लढून किनारा गमावण्यापेक्षा एक पाऊल मागे घेणे बरे, हे त्यांना उमगले. माझ्या मते हा त्यांचा कुठल्याही लढाईपेक्षा मोठा विजय होता.

आता खरी कसोटी आली. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने शहराला तट घातला, लढाऊ जहाजे बांधली आणि कान्होजींना संपवायचे ठरवले. पुढच्या पाचसहा वर्षांत इंग्रजांनी एकामागून एक मोहिमा काढल्या आणि प्रत्येक वेळी बोटींतून माणसे किल्ल्यांखाली उतरवली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला. चढाईच्या शिड्या तटाला पुरल्या नाहीत, त्या आखूड पडल्या. नोव्हेंबर १७१८ मध्ये बून स्वतः खांदेरीवर आला. बेटाभोवती जहाजांची कोंडी केली, तोफांचा भडिमार केला आणि माणसे उतरवण्याचा प्रयत्न केला. पण खडकाळ किनारा आणि वरून होणारा मारा यांपुढे उतरलेल्यांना परतावे लागले. याच वेढ्यात दक्षिणेकडची वाट राखणाऱ्या इंग्रजांच्या पहाऱ्यातून कान्होजींची पाच गलबते आत शिरली आणि खांदेरीला कुमक पोचली. मुंबईत मोठा गहजब झाला. पहाऱ्यावरचा पोर्तुगीज अधिकारी फितूर असल्याचा बोभाटा झाला. पुढे रामा कामती या मुंबईच्या प्रतिष्ठित गृहस्थावर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खोटा आळ घेऊन त्याला तुरुंगात टाकले, आणि तो तिथेच वारला.

त्या पाच गलबतांपाशी मी फार वेळ थांबले. ३९ वर्षांपूर्वी मायनाक भंडाऱ्याच्या वेळी जे घडले तेच त्याच बेटावर पुन्हा घडले होते. एकीकडे मोठे आरमार होते, तर दुसरीकडे पाठीमागे न पाहता वल्ही मारणारे काही शे हात. दादाच्या जहाजाचे कामही हेच नव्हे काय? किनारा गाठायचा, माणसे उतरवायची, आणि पाणी ओसरायच्या आत परत फिरायचे.

१७२० मध्ये इंग्रजांनी तोफा ठेवण्यासाठी मुद्दाम एक सपाट तरता तोफखाना बांधून विजयदुर्गावर नेला. तोही कुचकामी ठरला. मग १७२१ मध्ये विलायतेच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. सुमारे सहा हजारांची फौज कुलाब्यावर चालून आली. डिसेंबरात हल्ला झाला. इंग्रज खलाशी व सैनिक शिड्या घेऊन तटाशी गेले, काही वर चढले आणि तिथेच पडले. तेवढ्यात शाहूंनी पाठवलेली मराठ्यांची घोडदळे पोचली. पोर्तुगिजांची फळी फुटली आणि सारी सेना मागे हटली. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका स्वाराने भाला मारला. तो चिडून त्या स्वारामागे घोड्यावरून धावला, पिस्तूल रोखले, तर ते भरलेलेच नव्हते! पुढच्याच महिन्यात पोर्तुगिजांनी बाजीराव पेशव्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज एकटे पडले. १७१४ ला घेतलेल्या त्या एका मागच्या पावलाचे फळ इथे मिळाले. समुद्रावरच्या किल्ल्याला जमिनीवरच्या फौजेने हात दिला.

हा किल्ला आम्ही सहलीत पाहिला. ओहोटीच्या वेळी अलिबागच्या वाळूतून चालतच जाता येते. घोट्याइतक्या पाण्यातून जाताना पायाखालची वाळू सरकत होती. माझी मैत्रीण हसत होती आणि मी घाबरले होते. आत गेल्यावर पहिली नवलाई पाण्याचीच दिसली. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि तटाच्या आत गोड्या पाण्याचे तळे! ते पाहून मला आमच्या वाड्याची विहीर आठवली. पाणी राखायची अक्कल कोरड्या मुलखालाच असते असे आम्ही समजत होतो. इकडे दर्यातल्या माणसांनाही घागरभर गोड्या पाण्याची तेवढीच किंमत होती. सरांनी घड्याळ पाहून सर्वांना लवकर परत फिरवले. भरती कुणासाठी थांबत नाही. परतताना आधी घोट्यापर्यंत असलेले पाणी गुडघ्याला लागले, तेव्हा मॅथ्यूजच्या माणसांची घाई मला थोडी कळली.

जुलै १७२९ मध्ये कान्होजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. त्यांच्या हयातीत त्यांचा किनारा कुणी जिंकू शकले नाही. पण त्यांच्यामागे मुलांत भाऊबंदकी माजली, संभाजी आणि मानाजी यांच्यात दौलत वाटली गेली. पुढे तुळाजीचे पेशव्यांशी बिनसले, आणि पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांचीच मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आणि तिथे नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. जे बून आणि मॅथ्यूज यांना जमले नाही ते आपल्या घरच्या भांडणाने करून दाखवले. कान्होजींनी १७१४ मध्ये जे ओळखले होते ते पुढच्या पिढीला ओळखता आले नाही.

आज मुंबईतील नौदलाच्या एका तळाला आंग्रे हे नाव आहे. ते १९५१ मध्ये दिले गेले. खांदेरी बेटही १९९८ पासून कान्होजी आंग्रे बेट म्हणून ओळखले जाते. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. ज्याला चाचा म्हटले त्याच्या नावाला आज नौदल सलामी देते.

आमच्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला. तिथूनही समुद्र दिसत नाही. तरी त्यांच्याच मुलाने स्वराज्याचे आरमार उभारले, आणि मावळातल्या एका वाडीच्या मुलाने ते राखले. पाण्याची माणसे जन्माला यावी लागतात हे दादाचे म्हणणे मला आता पटत नाही. ती घडतात. पहिल्या पिढीला उलट्या होत असतील, पहिल्या पिढीला शेवटच्या बाकावर बसावेसे वाटत असेल. कुणीतरी पहिले असावेच लागते. तुकोजी पहिले होते, म्हणून कान्होजी झाले.

सहलीहून आल्यावर मी दादाला फोनवर हे सारे सांगितले. पाच गलबतांची गोष्ट सांगताना मी जरा जास्तच बोलले असेन. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले फोन कटला. मग त्याने एवढेच विचारले, की ही आंगरवाडी नेमकी कुठे आहे आणि तिथून समुद्र किती लांब पडतो. मी म्हटले, मधे सह्याद्रीचा अख्खा घाट आहे. त्यावर तो हसला. या संक्रांतीला तो घरी आला नाही. जहाज सरावाला बाहेर गेले होते. उलट्या थांबल्या की नाही ते त्याने अजून सांगितलेले नाही. पण नोकरी सोडण्याची गोष्टही त्याने पुन्हा काढलेली नाही.